फॉर्मॅट मारताय? आधी स्क्रीन वाचा!

‘फॉर्मॅट मारा’ हा आपल्याकडचा रामबाण उपाय आहे. कॉम्प्युटर हळू चालतोय? फॉर्मॅट मारा. प्रिंटर दिसत नाहीये? फॉर्मॅट मारा. आणि लिनक्सवाला कॉम्प्युटर सुरू होता होता मध्येच अडकला, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली, तर विचारायलाच नको. फॉर्मॅट तर मारायचाच, वर ‘हे लिनक्स कशाला ठेवलंय साहेब, मी विंडोज टाकून देतो’ असा सल्ला फुकट!

मंडळी, मला या उपायाची मनापासून चीड आहे. दाराचं कुलूप अडकलं तर आपण किल्लीवाल्याला बोलावतो, घर पाडून नवीन बांधत नाही. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र घर पाडून देणाऱ्याला आपण पैसे देतो आणि वर चहा पाजतो.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. लिनक्सचा कॉम्प्युटर नीट सुरू होत नसेल तर तो कुठे अडकलाय हे बहुतेक वेळा स्वतःच स्क्रीनवर लिहून सांगतो. आणि त्या क्षणी डिस्कवरची तुमची माहिती बहुधा जागच्या जागी, शाबूत असते. ते लिहिलेलं न वाचता डिस्क पुसायची, याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही. चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आधी घर झाडून-पुसून लख्ख करण्यातला हा प्रकार आहे.

हा विषय डोक्यात नव्यानं पेटला तो सणसवाडीमुळे. पुण्याहून नगर रस्त्यानं निघालात की वाघोलीचा ट्रॅफिक (त्यावर एक स्वतंत्र लेख होईल, असो), मग लोणीकंद, पेरणे फाटा, भीमा ओलांडली की कोरेगाव भीमा आणि लगेच पुढे सणसवाडी. रस्त्यावरून दिसतात त्या मोठ्या कंपन्या. त्यांच्या मागच्या बाजूला पत्र्याची छोटी छोटी शेड्स आहेत, तिथे जॉबवर्क चालतं. माझ्या मावसभावाचं असंच एक शेड आहे. दोन लेथ, एक ड्रिल, एक सरफेस ग्राइंडर आणि एक जुनं मिलिंग मशीन, ज्याला त्यानं मोटर आणि ड्राइव्ह बसवून सीएनसी करून घेतलंय. नवीन व्हीएमसी घ्यायची तर कर्जाचा डोंगर; म्हणून हा मार्ग.

हे मिलिंग मशीन चालवतो एक जुना डेस्कटॉप. त्यावर डेबियन आणि लिनक्ससीएनसी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लिनक्ससीएनसी हा मोफत आणि खुला कंट्रोलर आहे, त्याचं मूळ अमेरिकेच्या ‘निस्ट’ या सरकारी संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामात आहे. पूर्वी त्याचं नाव ईएमसी होतं. तुमच्या-आमच्या साध्या पीसीवरून तो मोटरींना ठराविक वेळी ठराविक पल्स पाठवतो. त्यासाठी कर्नल ‘रिअल-टाइम’ लागतो, म्हणजे काम वेळेवर होईलच याची खात्री देणारा. (ही रिअल-टाइमची भानगड वीसेक वर्षं मूळ लिनक्सच्या बाहेर पॅच म्हणून फिरत होती, २०२४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ६.१२ आवृत्तीत ती एकदाची मुख्य कर्नलमध्ये आली. आम्हा लोकांसाठी तो सणच होता.)

आता महत्त्वाची गोष्ट. या मशीनचं सगळं शहाणपण दोन-चार टेक्स्ट फाइलींमध्ये असतं. एक आयएनआय फाइल, एक-दोन एचएएल फाइली आणि टूल टेबल. एक मिलिमीटर सरकायला किती पल्स लागतात, कुठला अक्ष किती वेगानं पळवला तर मोटर स्टेप चुकते, लिमिट स्विच कुठे आहेत, जुन्या स्क्रूमध्ये किती ‘प्ले’ आहे आणि तो कसा भरून काढायचा. हे आकडे महाजालावर मिळत नाहीत. ते त्या एका मशीनचेच असतात. भावानं ते डायल लावून, ट्रायल पीस काढून, रात्री जागून बसवले होते. चार महिने लागले त्याला.

तर एका बुधवारी रात्री मशीन चालू असताना लाईट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. लाईट आल्यावर कॉम्प्युटर सुरू केला तर अर्ध्यात अडकला. गुरुवारी सकाळी मला फोन.

“दादा, कॉम्प्युटर गेला.”

“गेला म्हणजे? स्क्रीनवर काय दिसतंय?”

“काहीतरी इंग्रजी आलंय. दुकानातला पोरगा आलाय, डबा उघडून बघितला त्यानं. फॉर्मॅट मारावा लागेल म्हणतो. आठशे रुपये. हो म्हणू?”

“अजिबात नाही! आधी काय लिहिलंय ते वाच.”

“मला त्यातलं कळत नाही रे.”

“कळायला नकोच आहे. नुसतं वाच.”

मग त्यानं अडखळत वाचलं. शेवटची ओळ होती: ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली.’

मराठीत सांगायचं तर, ‘फाइल सिस्टिममध्ये अनपेक्षित विसंगती आहे, एफएससीके हातानं चालवा.’ बघा म्हणजे! रोग्यानं नुसता आजार सांगितला नाही, औषधाचं नावही स्वतःच लिहून दिलं. एफएससीके म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्रॅम, तो डेबियनमध्ये आधीपासून असतोच. आणि या ओळीसमोर उभं राहून एक माणूस आठशे रुपयांत डिस्क पुसायला निघाला होता. चार महिन्यांच्या आकड्यांसकट!

मी म्हटलं, बंद करून ठेव, कुणाला हात लावू देऊ नकोस, शनिवारी येतो.

शनिवारी गेलो तेव्हा तो दुकानातला पोरगाही आला होता, बघायला. विशीतला, हुशार डोळ्यांचा. (त्याच्याबद्दल पुढे.) पहिलं काम एफएससीके नाहीच. पहिलं काम म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं कॉम्प्युटर सुरू करायचा, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमला न उठवताच आतलं बघता येतं. डिस्क फक्त वाचण्यापुरती माउंट केली. इथे एक बारीक खोच आहे: ईएक्सटी४ डिस्क ‘रीड-ओन्ली’ माउंट केली तरी ती आपलं जर्नल पूर्ण करायला जाते, म्हणजे डिस्कवर थोडंफार लिहितेच. ते नको असेल तर ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा लागतो. मग भावाच्या सेटिंगचं अख्खं फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवलं. सगळं मिळून शंभर केबीसुद्धा नव्हतं. मोबाइलमधल्या एका फोटोच्या किती तरी लहान! भावाचा चेहरा तिथेच निवळला. पुढचं सगळं त्याच्या दृष्टीनं बोनस होतं.

मग डिस्कची प्रकृती. ‘स्मार्ट’ नावाची सोय प्रत्येक डिस्कमध्ये असते, ती आपल्या खराब सेक्टरांची नोंद स्वतः ठेवते. ‘रीअलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ हे दोन आकडे बघायचे. दोन्ही शून्य. म्हणजे डिस्क धडधाकट, फक्त लाईट गेल्यामुळे वहीतल्या नोंदी अर्धवट राहिल्या होत्या. हे आकडे वाढलेले असते तर एफएससीकेसुद्धा चालवायचा नसतो, आधी डिस्कची पूर्ण नक्कल काढायची. मरायला टेकलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा मारा केला की ती लवकर मरते. इथे तसं नव्हतं. एफएससीके चालवला, पाच-सहा प्रश्नांना ‘वाय’ दाबलं, दोन मिनिटांत संपलं.

पुन्हा सुरू केला. पुढे गेला, आणि परत थांबला! स्क्रीनवर ‘अमुक डिस्कची वाट बघतोय’ आणि शेजारी दीड मिनिटाचा काटा. दीड मिनिट झालं आणि ‘इमर्जन्सी मोड’. हाच तो क्षण असतो, जिथे घाबरट माणूस म्हणतो, ‘बघा, मी म्हटलं नव्हतं? फॉर्मॅटच!’ पण अहो, आधीच्यापेक्षा वेगळ्या जागी थांबलाय ना? म्हणजे पहिली अडचण सुटली आणि ही दुसरी आहे. डबा उघडला तर दुसऱ्या डिस्कची केबल सुटलेली. गुरुवारी उघडझाक करताना ती निघाली असणार. सिस्टिमच्या एफएसटॅब फाइलीत लिहिलेलं होतं की ही डिस्क हवीच. ती दिसेना म्हणून गाडी थांबली. केबल लावली, त्या ओळीत ‘नोफेल’ हा शब्द घातला (म्हणजे ही डिस्क नसली तरी अडून बसू नकोस), आणि मशीन सुरू. भावानं जुना ट्रायल पीस लावून डायल फिरवला. काटा जिथे हवा तिथे.

यात माझी हुशारी काही नाही. मी फक्त वाचलं. आणि हेच मला ओरडून सांगायचंय.

लिनक्स सुरू होणं म्हणजे खो-खो आहे असं समजा. वीज आल्यावर आधी मदरबोर्डचं फर्मवेअर उठतं, ते ग्रबला खो देतं, ग्रब कर्नलला आणि त्याच्या सोबतच्या इनिटरॅमएफएसला, तिथून खो सिस्टिमडीला, आणि त्यानंतर तुमचं लॉगिन. खेळ थांबला की एकच प्रश्न विचारायचा: शेवटचा खो कुणाला मिळाला? ‘नो बूटेबल डिव्हाइस’ आलं तर ग्रबपर्यंत खो पोचलाच नाही. केबल बघा, आणि फर्मवेअरमधलं घड्याळ मागे पडलंय का ते बघा. पडलं असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय आणि सगळी सेटिंगं मूळपदावर गेलीत. ‘ग्रब रेस्क्यू’ आलं तर ग्रबचा पहिला तुकडा भेटला पण उरलेलं घर सापडत नाहीये. बहुतेक वेळा कुणीतरी पार्टिशनमध्ये हात घातलेला असतो, आणि चार ओळी टाइप करून त्याला घर दाखवता येतं. ‘कर्नल पॅनिक, रूट माउंट करता येत नाही’ असं आलं तर नुकताच अपडेट झालाय का ते आठवा. बूटची जागा भरून गेली की नवीन कर्नलचं इनिटरॅमएफएस अर्धवट बनतं. ग्रबच्या मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन जुना कर्नल निवडा. जुना कर्नल अपडेटनंतर ठेवतात तो याच दिवसासाठी, शोभेसाठी नाही! पासवर्ड बरोबर देऊनही पुन्हा लॉगिनवरच परत येतंय? बघा, डिस्क शंभर टक्के भरली असेल.

यातल्या कुठल्याही दुखण्यावर फॉर्मॅट हे औषध नाही. डिस्कच मरत असेल तर? तेव्हा तर अजिबात नाही! मरणाऱ्या डिस्कवर नवीन सिस्टिम चढवून काय मिळणार?

आता कुणी म्हणेल, ‘अरे पण फॉर्मॅट मारताना डेटा ठेवतात की.’ हो, ठेवतात, विंडोजमध्ये. आपल्याकडच्या दुकानांची एक जुनी शिस्त आहे: सी ड्राइव्ह पुसायचा, डी ड्राइव्हला हात लावायचा नाही. ‘साहेब, डेटा डी मध्ये आहे ना? मग काळजी नको.’ चांगली शिस्त आहे, तिनं अनेकांचे लग्नाचे फोटो वाचवलेत. पण लिनक्समध्ये सी आणि डी नसतात. इन्स्टॉल करताना नेहमीचे पर्याय निवडत गेलात तर सिस्टिम आणि तुमचं घर एकाच पार्टिशनवर बसतं. त्यात विंडोजच्या इन्स्टॉलरला ईएक्सटी४ वाचताच येत नाही. त्याला तिथे फक्त एक अनोळखी पार्टिशन दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. दुकानातल्या पोराला वाटतं डिस्क रिकामी आहे. त्यानं फसवलेलं नसतं, त्याला खरंच तसं दिसतं. नेमकं यामुळे ‘डेटा ठेवतो’ हे आश्वासन लिनक्सच्या मशीनवर खोटं ठरतं, आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरा युक्तिवाद इंग्रजीचा. ‘सामान्य माणसाला ते इंग्रजी मेसेज कसे कळणार?’ हा युक्तिवाद करणाऱ्यानं एकदा सणसवाडीच्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन उभं राहावं. फॅनुकच्या कंट्रोलवर अलार्म आला की आयटीआय झालेला ऑपरेटर काय करतो? नंबर बघतो, कपाटातलं तेल लागलेलं मॅन्युअल काढतो, तो नंबर शोधतो, सांगितलंय ते एक एक तपासतो. मॅन्युअल इंग्रजीतच असतं. ‘अलार्म आला, मशीन भंगारात घाला’ असं मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. शेतावर डिझेल इंजिन उठेना झालं तर अंगठा न सोडणारा माणूससुद्धा क्रमानं जातो: टाकीत डिझेल आहे का, लाइनमध्ये हवा शिरलीय का, नोझल मारतंय का. म्हणजे क्रमानं शोधायची अक्कल आपल्याकडे भरपूर आहे. ती कॉम्प्युटरसमोर आल्यावर कुठे जाते?

माझ्या मते ती आपण, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्यांनी, पद्धतशीर मारली. वापरणारा घाबरेल म्हणून मेसेज लपवायचे, ही आमची सौजन्याची कल्पना. उबुंटू सुरू होताना लोगो आणि फिरणारं चक्र दिसतं ना? ग्रबच्या सेटिंगमध्ये ‘क्वाएट स्प्लॅश’ असे दोन शब्द असतात, त्यांची ही करामत. गप्प बस आणि चित्र दाखव! सगळं ठीक असेल तेव्हा ठीक आहे. पण कर्नल मागे आक्रोश करत असताना पुढे चक्र फिरत राहतं आणि माणूस वीस मिनिटं त्याकडे बघत बसतो. एस्केप दाबलं की बहुधा पडदा सरकतो, पण हे कुणी कुणाला सांगितलंय?

गंमत म्हणजे लहान मुलांच्या कॉम्प्युटरवर याहून बरी सोय होती. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात या गावच्या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले, भारतातला तो पहिला प्रयोग. आत लिनक्सच होतं. त्या लॅपटॉपवर खेळासाठी जी बटणं होती, त्यातलं गोलाचं बटण दाबून धरून लॅपटॉप सुरू केला की नवीन सिस्टिम बाजूला ठेवून आधीची सिस्टिम सुरू व्हायची. चौथीतल्या पोराला जमेल असा हा उपाय! योजनेचं पुढे काय झालं तो वेगळा वादाचा विषय. पण सुरू न होणाऱ्या कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असावं, हे त्या लोकांना सुचलं होतं. मोठ्यांच्या लिनक्सला शहाणपण सुचायला वेळ लागला. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या सिस्टिमडी २५५ मध्ये, सुरू होताना गंभीर बिघाड झाला तर तो पूर्ण स्क्रीनवर, सोबत क्यूआर कोड देऊन दाखवायची सोय आली. यावर ‘लिनक्सलाही निळी स्क्रीन आली’ म्हणून आमच्या हापिसातल्या लोकांनी भरपूर खिदळून घेतलं. मला विचाराल तर झकास कल्पना आहे. शेडमधला ऑपरेटर मोबाइल समोर धरेल आणि मेसेज अक्षर न चुकता माझ्यापर्यंत येईल.

तिसरा युक्तिवाद ठरलेला: ‘विंडोज असतं तर ही वेळच आली नसती.’ बरं. १९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका बिघडलेल्या फाइलीमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर सुरूच होईनात. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जायचं आणि ती एक फाइल उडवायची. एक फाइल! त्या दिवशी जगातल्या सगळ्या आयटी विभागांनी आपल्या नाक्यावरच्या दुकानासारखा विचार केला असता तर ८५ लाख डिस्क पुसल्या गेल्या असत्या. त्यानंतर महिन्याभरात, १३ ऑगस्टच्या विंडोज अपडेटनं दोन्ही सिस्टिम ठेवणाऱ्या कित्येकांचं लिनक्स बंद पाडलं. स्क्रीनवर ‘समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग’ अशी भयंकर ओळ यायची. धोकादायक जुन्या ग्रबला अडवण्यासाठी केलेला तो बदल होता आणि चांगल्यांनाही अडवून बसला. फर्मवेअरमध्ये जाऊन सिक्युअर बूट तात्पुरतं बंद केलं की लिनक्स उठत होतं, आतलं सगळं जसंच्या तसं. ओळ कितीही भयंकर असो, डिस्कवरचा एक बाइटही हललेला नव्हता.

आणि आता आपल्याकडे वळतो, मित्रहो. खराडी-हिंजवडीत बसून आपण दिवसाला शेकडो लिनक्स मशीनं उठवतो आणि मारतो. आपल्या धंद्यात एक म्हण झालीय: सर्व्हरला पाळीव कुत्र्यासारखं जपू नका, गुराढोरांसारखं वागवा, एक आजारी पडलं तर मारून टाका, दुसरं आणा. (ही म्हण बनवणाऱ्यानं कधी गोठा पाहिलेला नाही हे नक्की. आमच्या आजोबांची गाय आजारी पडली की घरात कुणी धड जेवत नसे.) क्लाउडमध्ये ते चालतं, कारण माहिती दुसरीकडे असते, मशीन नुसतं टरफल असतं. त्यामुळे घडलंय काय, की दहा वर्षं ‘लिनक्सवर काम’ केलेल्या माणसानं ग्रबचा मेनू डोळ्यांनी पाहिलेला नसतो. आणि गावाकडून फोन आला की तोही म्हणतो, ‘अरे, फॉर्मॅट मार ना!’ हापिसातली सवय तो शेडमध्ये नेतो, जिथे माहिती आणि मशीन एकाच डब्यात आहेत आणि त्या डब्याला दुसरी नक्कल नाही. दुकानातल्या पोराला मी माफ करेन. याला नाही.

‘मग बॅकअप का नव्हता?’ हा प्रश्न बरोबरच आहे. असायलाच हवा, आता आहेही. शंभर केबीची फाइल भाऊ स्वतःलाच ईमेल करतो. पण फॉर्मॅट मारायच्या आधी हा प्रश्न कोण विचारतं? नंतर विचारतात, उपदेश म्हणून.

त्या दुकानातल्या पोराबद्दल सांगायचं राहिलं. एफएससीके चालू असताना तो माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्यानं वहीत लिहून घेतलं, ‘नोलोड’सुद्धा. मग चहा पिताना त्यानं जो प्रश्न विचारला त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. “सर, हे बरोबर आहे. पण गिऱ्हाईकाकडून याचे किती घेऊ? फॉर्मॅटचे आठशे देतात. मी अर्धा तास नुसता स्क्रीन वाचला आणि केबल लावली, तर म्हणतील, केलंस काय? शंभर घे.”

आपल्या कंपन्यांत काही बंद पडलं की आपण तीन दिवस ‘रूट कॉज अ‍ॅनालिसिस’ लिहितो, पाच जण मीटिंगला बसतात, आणि त्याचे पैसे गिऱ्हाईक निमूट देतं. तिथे शोधण्याला किंमत आहे. इथे फक्त पुसण्याला आहे. म्हणून तो पुसतो. फॉर्मॅटला लागणारा वेळ त्याला आधीच माहीत असतो, दिवसात पाच मशीनं उरकतात, कुणी हिशोब विचारत नाही. शोधायला बसला तर दहा मिनिटं लागतील की दोन तास, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

भावाला मी त्याला आठशे रुपये द्यायला लावले. भावाला ते पटलं नव्हतं, “त्यानं तर केबल काढून ठेवली होती!” वगैरे झालं. पण दिले. आणि त्या पोराला म्हटलं, पाटीवर वेगळं लिही: ‘बिघाड शोधणे – तीनशे. फॉर्मॅट – वेगळे.’ तो हसला. म्हणाला, शेजारच्या दुकानात शोधणं फुकट आहे सर, कारण तिथे शोधतच नाहीत.